कुणी न्हालं नाही त्या दिवशी

१

गिलाव्याचं ढेकूळ पडलं ते सकाळी सातच्या सुमाराला. सोजराबाई नुकत्या उठून खाटेवर बसल्या होत्या. आधी वरून वाळू सांडल्यासारखा आवाज झाला. त्यांनी मान वर केली, आणि छताचा परातीएवढा तुकडा सुटून त्यांच्या उजव्या खांद्यावर आला. खांदा निखळला, हाताचं हाड मोडलं. बहात्तर वर्षांची ती बाई ओरडलीसुद्धा नाही. सून धावत आली तेव्हा त्या धुळीनं पांढऱ्याफटक होऊन छताकडं बघत होत्या.

"सांगत हुते मी," त्या म्हणाल्या. "सांगत हुते का न्हाई?"

१९६३ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. शिरूरला हौसराव धुमाळांचा बंगला बांधून दोन वर्षं झाली होती. सोजराबाईंच्या खोलीच्या बरोबर वर हौसरावांचं स्वतःचं न्हाणीघर होतं, आणि त्यात शॉवर होता. हौसरावांनी तो पुण्याच्या एका हॉटेलात पाहिला आणि आपल्याकडंही पाहिजे म्हणून हट्टानं बसवून घेतला. घरातली बाकी माणसं खालच्या न्हाणीत बंबाच्या पाण्यानं अंघोळ करत. वर फक्त हौसराव न्हायचे. गच्चीवर लोखंडी टाकी, टाकीतून छतातून उतरलेला हातभर पाइप, त्याला साखळीचा कॉक आणि खाली पितळी चाळणी. साखळी ओढली की पाऊस.

हे सगळं बसवलं होतं दौंडच्या गिदोन साळव्यानं. गिदोन रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. बाहेरचं काम करायला रेल्वेची परवानगी नसते. त्यानं रजा टाकून, गुपचूप, हौसरावांच्या शब्दाखातर हे काम केलं होतं. आता त्याच हौसरावांची चिठ्ठी त्याच्या हातात पडली. दोनच ओळी होत्या. शनिवारी सकाळी ये. नाही आलास तर तुझ्या साहेबाला कळवतो की तू कुठं काय कामं करतोस.

गिदोन शनिवारी पहिल्या एस.टी.नं शिरूरला उतरला.

फाटकातच ओरडा चालला होता. हौसरावांची बायको झुंबरबाई पायरीवर उभी राहून फाटकाबाहेरच्या एका बाईला शिव्या घालत होती. ती बाई काहीच बोलत नव्हती. तिच्या पायाशी मातीच्या घागरीच्या खापऱ्या पडल्या होत्या.

"आलास?" हौसराव अंगणातून पुढं आले. "आधी माझ्या आईचा हात बघून घे. मंग तुझा पाना काढ."

"आप्पा, मला चिठ्ठी काल मिळाली. काय झालं ते..."

"काय झालं ते तू सांगायचं! माझ्या डोक्यावर तू पानी टांगून ठेवलंस." हौसरावांनी फाटकाकडं बोट केलं. "ही दयाबाई. मागच्या गल्लीतली. तुमच्याच ख्रिस्ती मंडळीतली हाय, म्हंजी तू वळखत असशील. बंगल्याच्या कुंपणावर चढून हिनं बांबूनं माझा पाइप ढोसला. झुंबरनं डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी फौजदार येतोय पंचनाम्याला. तवा मला दोघांतलं एक पायजे. तुझं काम खोटं हुतं, का हिनं ते मोडलं? खोटं असंल तर तुझी नोकरी गेली. मोडलं असंल तर ही आत गेली. संध्याकाळपातुर सांग."

गिदोननं दयाबाईकडं पाहिलं. चाळिशीची, मिशनच्या शाळेत शिकलेली, नवरा वारल्यावर एकटी राहणारी. तिनं त्याच्याकडं पाहिलं ते त्याला आवडलं नाही. हा माणूस कुणाचं नाव घेणार हे तिला ठाऊक असल्यासारखं ते पाहणं होतं.

२

सोजराबाईंचा हात फळीला बांधून गळ्यात अडकवला होता. खाट आता खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात होती. वर छताला मोठं भोक पडल्यासारखी जागा, आणि तिथून भिंतीवरून खाली ओलीचा काळा ओघळ.

"आई, कवापासनं गळतंय हे?" गिदोननं विचारलं.

"तू इचारतोस. ह्या घरात कुणी इचारलं न्हाई." म्हातारी तडकली. "पंधरा-वीस दिस झालं. आन् ऐक, नीट ऐक. वर कुणी न्हालं की गळत न्हाई. कुणी न्हालं न्हाई त्याच दिवशी गळतं."

दारात उभे असलेले हौसराव मोठ्यानं हसले. "झालं! ही असंच सांगती. साखळी ओढली न्हाई तर गळंल कसं? डोकं फिरलंय तिचं."

"मी इथं दिसभर पडून असते, हौसा. तू शेतावर मुक्कामाला गेलास तवा गळलं. तू पुण्याला गेलास तवा गळलं. गिलावा पडला तवा तू दोन दिस पुण्यालाच हुतास. घरी असलास की एक थेंब न्हाई."

"म्हंजी माझ्यामुळं गळतं का?"

"तुझ्यामुळं न्हवं. तू नसल्यामुळं."

गिदोननं पुन्हा विचारलं, "अगदी पहिल्या खेपेला कवा गळलं ते ध्यानात हाय?"

"ही समदी झुंबरच्या भाचीच्या लग्नाला वडगाव रासाईला गेली हुती. रविवारी गेली, मंगळवारी आली. सोमवारच्या सकाळी पयल्यांदा टपटप ऐकू आली."

"त्या रविवारी घरात कोण हुतं?"

"मी. भैरू गडी सकाळी विहिरीवरची मोटार चालवून शेतावर गेला. आन् दुपारी वर गच्चीत कुणी तरी ठोकत हुतं. मी हाका मारल्या. मंग हरिबा आला आन् म्हनला, माकडं हायत."

हरिबा म्हणजे हौसरावांचा धाकटा भाऊ. तो घरात सगळ्यांशी गोड बोलायचा. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा होता आणि आठ दिवसांवर मतदान आलं होतं. नेमका त्याच वेळी तो दारातून डोकावला.

"मिस्त्री, चहा घ्या आधी," तो म्हणाला. "आईचं फार मनावर घेऊ नका. त्या रविवारी मी दिवसभर तळेगाव ढमढेऱ्याला होतो. कामानिमित्त. माकडांचं तिला स्वप्न पडलं असेल."

म्हातारीनं तोंड फिरवलं.

गिदोन वर गेला. न्हाणीघराची फरशी कोरडी होती. त्यानं मान वर करून शॉवर पाहिला आणि थांबला. चाळणी खाली, मोरीकडं तोंड करून असायला हवी होती. ती भिंतीकडं वळलेली होती.

"हे तोंड कुणी फिरवलं?"

"तेच तर!" हौसराव ओरडले. "दर खेपेला फिरलेलं असतं. मी सरळ करून न्हातो, चार दिसांनी बघावं तर परत भिंतीकडं. तुझ्या त्या सांध्यात खोट हाय, आपोआप फिरतो."

गिदोननं चाळणी हातानं हलवून पाहिली. सांधा घट्ट होता. हात लावल्याशिवाय तो फिरणार नव्हता. मग त्यानं खिशातून रुमाल काढला आणि चाळणीच्या भोकांवरून फिरवला. रुमाल कोरडा. चाळणीच्या मागची मान आणि वरचा पाइप चोळला, तर रुमालाला तांबड्या गंजाचा ओला डाग आला.

त्यानं झुंबरबाईकडून मूठभर ज्वारीचं पीठ मागून घेतलं. पाइप फडक्यानं पुसून कोरडा केला आणि छतापासून चाळणीपर्यंत पीठ चोळलं. हौसराव आज न्हाले नव्हते. टाकी भरलेलीच होती.

"भैरूला सांगा, मोटार चालू कर. रोज करतो तेवढाच वेळ."

खाली विहिरीवरची मोटार घरघरली. दहा मिनिटं काहीच झालं नाही. हौसराव चुळबुळायला लागले. मग छतात जिथं पाइप शिरत होता तिथं, पिठात, एक काळी रेघ उमटली. ती कॉकापासून सुरू झाली नव्हती. ती छतापासून सुरू होऊन पाइपच्या अंगावरून खाली सरकत आली, कॉकावरून उतरली, चाळणीच्या काठाला लोंबकळली, आणि मग टप्पकन थेंब भिंतीवर पडला. दुसरा पडला. थोड्याच वेळात भिंतीवरून धार लागली आणि फरशीच्या कोपऱ्यातल्या फटीत नाहीशी झाली. त्या फटीच्या बरोबर खाली आधी सोजराबाईंची खाट होती.

"आप्पा," गिदोन म्हणाला, "तुमचा शॉवर गळतच न्हाई. पानी दुसरीकडनं येतंय."

३

गच्चीवर ऊन चटका देत होतं. टाकीच्या चारी बाजूंनी पाण्याचं तळं साचलं होतं आणि ते पाइपच्या भोकाकडं हळूहळू ओढलं जात होतं. टाकी काठोकाठ भरून झाकणाखालून वाहत होती.

असं व्हायला नको होतं. जास्त झालेलं पाणी बाहेर जावं म्हणून गिदोननं टाकीला वरच्या बाजूला एक पाइप दिला होता. तो गच्चीच्या कठड्यातून मागच्या गल्लीवर निघत होता. टाकी भरली की पाणी तिथून गल्लीत सांडायचं.

त्यानं झाकण उचललं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि चाचपलं. बोटांना लाकूड लागलं. पान्याच्या दांड्यानं इकडून तिकडून हलवून त्यानं ते बाहेर काढलं. बाभळीचं, तासून निमुळतं केलेलं बूच. त्याला कापड गुंडाळलेलं आणि टोकाला हातोड्याचे घाव.

बूच निघताच खाली गल्लीत पाणी बदाबदा पडलं. कुणीतरी बाई दचकून ओरडली.

हौसराव त्या बुचाकडं बघतच राहिले. "हे त्या बाईचं काम. बांबूनं..."

"बांबूनं बूच आतनं बसत न्हाई, आप्पा. हे टाकीच्या आतल्या तोंडात ठोकलंय. बाहेरचं तोंड गल्लीपासून वीस फूट वर हाय. ज्यानं ठोकलं तो तुमच्या जिन्यानं वर आला."

"माझ्या घरातला माणूस?"

गिदोनला आधी भैरूशी बोलायचं होतं.

भैरू मोटारीच्या खोपटात बसला होता. पन्नाशीचा गडी, वीस वर्षं धुमाळांकडं. गिदोनला बघून तो उठला नाही.

"मोटार कवा बंद करायची हे तुला कसं कळतं, भैरू?"

"बिडी सपली की बंद करतो."

"दोन वर्षं असंच करत आलास?"

भैरूनं विझलेली बिडी कानामागं खोचली.

"मी पाइप लावला तवा मीच तुला सांगितलं हुतं. गल्लीत पानी पडल्याचा आवाज आला की बंद कर. मंग बिडी कवापासनं?"

भैरूनं फाटकाकडं पाहिलं, बंगल्याकडं पाहिलं. "मिस्त्री, माझं नाव सांगू नगा."

"न्हाई सांगत."

"लग्नाला समदी गेल्ती, त्या सोमवारी सकाळी मी मोटार लावली. आवाज येईना. लई येळ वाट बघितली. मंग धाकलं मालक खाली आलं आन् म्हनलं, बंद कर, आता आवाज येनार न्हाई. आप्पांनी पाइप बंद करून टाकलाय. गल्लीतल्या लोकांनी भरू नये म्हनून. आप्पांना इचारू नगं, अंगावर येत्यात. अंदाजानं बंद करत जा. म्हनून बिडी."

आता म्हातारीच्या बोलण्याचा अर्थ लागला. हौसराव न्हाले की टाकी खाली जायची आणि भैरूच्या एका बिडीचं पाणी तीत मावायचं. ते गावाला गेले की टाकी भरलेलीच राहायची, आणि वर आणखी एक बिडी. ते पाणी काठावरून गच्चीत, गच्चीतून पाइपवर, पाइपवरून भिंतीत.

म्हणजे बूच हौसरावांनी मारलं. ज्या माणसाच्या हातात गिदोनची नोकरी होती, त्यानंच.

हे तोंडावर सांगायचं कसं?

४

दयाबाई अजून फाटकाबाहेर उभी होती. ती घरी गेली तर पळाली म्हणतील, म्हणून ती तिथंच थांबली होती. गिदोन तिच्यापाशी गेला.

"दयाबाई, कुंपणावर चढला हुता तुम्ही?"

"चढले. वरनं पानी येईना झालं म्हनून बांबूनं बघितलं, काय अडकलंय का. पाइप ढोसला, व्हय. आता लिहून घ्या तुमच्या फौजदाराला."

"मी फौजदाराचा माणूस न्हाई."

"तुमी धुमाळांचं माणूस." तिचा आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द दगडासारखा पडत होता. "मामा, ह्या घराच्या विहिरीला आमाला हात लावू देत न्हाईत. गल्लीतला आड मार्चातच आटतो. दोन वर्षं आमी तेरा घरं ह्यांच्या सांडलेल्या पान्याखाली घागरी लावतो. आन् ही घागर तुमच्या आप्पांनी आज सकाळी लाथेनं फोडली. तुमी इथं येऊन चहा प्यालात."

"मी चहा घेतला न्हाई."

"बरं केलं."

"पानी नेमकं कवा बंद झालं?"

"ईस्टरला सकाळी मी दोन घागरी भरून देवळात गेले. दुसऱ्या दिवशी सोमवारी थेंब न्हाई. त्याच दिवशी दुपारी हरिबादादा आलं. समद्यांच्या दारात गेलं. म्हनलं, आमच्या थोरल्यानं पानी तोडलं, मला लाज वाटती. मी निवडून आलो की म्हैन्यात नळ आनतो. अर्ज बी टाइप करून आनला हुता. मी वाचती-लिहिती म्हनून अंगठे घ्यायचं काम मलाच दिलं."

"अर्ज हाय तुमच्यापाशी?"

"हाय. अजून तीन अंगठे ऱ्हायलेत."

तिनं घरून तो आणला. घड्या घालून मऊ झालेला कागद. गिदोननं तो उन्हात धरून सावकाश वाचला. विषय, विनंती, तेरा कुटुंबं. 'धुमाळ यांच्या टाकीच्या सांडव्याचे पाणी मिळत असे, तेही आता बंद झाल्याने अर्जदारांचे अतोनात हाल होत आहेत.'

त्यानं पुन्हा वरपासून वाचलं. मग उजव्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून तो कागद दयाबाईपुढं धरला.

"ह्या वर्षी ईस्टर कोणत्या तारखेला हुता?"

"चौदा एप्रिल."

"मंग हे वाचा."

तिनं वाचलं. तिचे ओठ आवळले गेले.

"मी ह्यावर धा लोकांचं अंगठे घेतले," ती म्हणाली. "मी स्वतः."

५

गिदोननं सगळ्यांना सोजराबाईंच्या खोलीत यायला सांगितलं. हौसराव आले ते तापलेलेच. झुंबरबाई दाराला टेकली. हरिबा खुर्ची ओढून बसला. दयाबाईला आत यायला कुणी सांगितलं नाही. ती ओसरीवर, दाराच्या चौकटीपाशी उभी राहिली.

"आधी लहान गोष्ट," गिदोन म्हणाला. "शॉवरचं तोंड कोण फिरवत हुतं? वैनी?"

झुंबरबाई चपापली. "थेंब ह्यांच्या पाटावर पडायचं. पाट फुगला. म्हनून मी तोंड भिंतीकडं करायची. त्यात काय?"

"थेंब पाटावर पडलं असतं तर मोरीनं गेलं असतं. भिंतीवर गेलं ते आईंच्या अंगावर आलं."

झुंबरबाईनं सासूच्या फळीकडं पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. सकाळपासून चाललेलं तिचं तोंड तिथं बंद झालं.

"आता बूच." गिदोननं ते खाटेवर ठेवलं. "आप्पा, हे तुमी ठोकलं, असं गल्ली म्हनती."

"मी?" हौसराव उभे राहिले. "माझ्या घरात येऊन तू मलाच... मी कशाला ठोकू? गल्लीत काय सांडतं हे मला ठाऊकसुद्धा न्हवतं! मी ती खिडकी उघडत न्हाई."

ते खरं बोलत होते. गिदोनला ते त्यांच्या रागावरून कळलं. त्या रागात लपवण्यासारखं काही नव्हतं.

"मलाही आता तसंच वाटतं. गल्लीतलं पानी सोमवारी सकाळी बंद झालं, पंधरा तारखेला. रविवारी, चौदाला, सकाळी दयाबाईनं दोन घागरी भरल्या. म्हंजी बूच बसलं ते रविवारी, तुमी लग्नाला गेल्यावर. त्या दिवशी घरात आई, आन् आईंनी हाक मारल्यावर माकडं हायत म्हनून सांगायला आलेला माणूस."

"मी तळेगावला होतो," हरिबा शांतपणे म्हणाला. "मिस्त्री, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यावर तुम्ही..."

"त्यावर न्हाई. ह्यावर." गिदोननं अर्ज काढला. "सांडव्याचं पानी आता बंद झालंय, असं इथं छापलंय. तारीख तेरा एप्रिल. शनिवार. तवा पानी चालू हुतं, दादा. रविवारी बी चालू हुतं. बंद व्हायच्या दोन दिस आधी ते बंद झाल्याचं कोण लिहील?"

"टाइप करणाऱ्याची चूक असेल."

"असंल. मंग रविवारी तळेगावात तुमी कुणाकडं हुता त्याचं नाव सांगा. आप्पा आत्ता माणूस धाडतील."

हरिबानं नाव सांगितलं नाही.

"माकडं म्हनला हुतास तू मला," सोजराबाई म्हणाल्या. "मी तुला म्हनलं, हरिबा, माकडं हातोडा कवापासनं मारायला लागली? तू हसलास."

मग हरिबाचा गोड आवाज गेला. "हो, मारलं बूच! आप्पा, गेल्या खेपेला बावीस मतांनी पडलो मी. त्या गल्लीत चाळीस मतं आहेत. दोन वर्षं त्यांच्यापुढं हात जोडतोय. पाणी आयतं मिळत होतं तोवर माझ्या दारात कोण येत होतं? मला काय ठाऊक ते पाणी फिरून आईच्या अंगावर येईल?"

"आन् नाव माझं लावलंस," हौसराव म्हणाले.

"तुझ्या नावावर सगळ्यांचा विश्वास बसतो."

हौसरावांचा हात उठला. गिदोनला वाटलं आता मारतात. पण हात खाली आला, आणि हौसराव भावाकडं नाही, गिदोनकडं वळले.

"हे ह्या खोलीबाहेर जानार न्हाई," ते हळू म्हणाले. "फौजदाराला सांग, कॉकातला रबरी वायसर गेला हुता. तुझ्या साहेबाला मी काही लिहीत न्हाई. ही बाई बी मोकळी. कुनाचंच वाईट न्हाई."

"आन् पाइप?"

"बूच परत बसव. आठ दिस. मतं पडली की काढ."

गिदोननं ओसरीकडं पाहिलं. दयाबाई त्याच्याकडंच बघत होती, सकाळसारखीच. त्याच्या मनात दौंडचं घर आलं, शेडमधली पस्तीस वर्षं आली. एक शब्द बोललं की सगळं सुरळीत. आणि दयाबाईही सुटत होती. खोटं असं काय बोलायचं होतं, एक वायसर.

"माझा वायसर चांगला हाय, आप्पा," तो म्हणाला. "बूच तुमाला बसवायचं तर तुमी बसवा. हातोडा देतो."

"मला हातोडा देतोस?" हौसरावांनी खाटेवरचं बूच उचललं. "दौंडला जाऊन बघ तुझं काय होतं ते." आणि ते जिन्याकडं निघाले.

"हौसा."

म्हातारी उठून बसली होती. दुखण्यानं तिचा चेहरा पिळवटला होता.

"फौजदार कुनाचा जबाब घ्याया येतोय? तुझा न्हाई. हात माझा मोडलाय. जे झालं ते मी सांगनार, पयल्यापासनं. बूच बसवलंस तर तेबी सांगनार, कुनी बसवलं ते नाव घेऊन."

"आई, हरिबा तुझा लेक हाय."

"म्हनून तर सांगनार. दुसऱ्या कुणाचा असता तर मी गप बसले असते."

हौसराव जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहिले. मग त्यांनी बूच अंगणात भिरकावलं आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. हरिबा मागच्या दारानं निघून गेला.

६

गिदोननं दुपारी काम केलं. त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. गच्चीतल्या पाइपभोवती सिमेंट भरून त्यानं उंच कट्टा केला, म्हणजे पाणी साचलं तरी छतात शिरणार नाही. चाळणी मोरीवर सरळ केली आणि पुन्हा कुणाला फिरवता येऊ नये म्हणून सांधा पान्यानं आवळून टाकला. मग भैरूला मोटार लावायला सांगितली. टाकी भरली. गल्लीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि भैरूनं मोटार बंद केली.

गल्लीतल्या बाया घागरी घेऊन धावल्या. दयाबाई गेली नाही. ती अर्जाचा कागद हातात धरून कुंपणापाशी उभी होती.

"सुटलात तुम्ही," गिदोन तिला म्हणाला. "आता फौजदार तुमाला काही करत न्हाई."

"व्हय. तुमी खरं बोललात, मामा, ते मी इसरनार न्हाई." तिचा आवाज मऊ झाला नव्हता. "पर एक सांगते. दोन वर्षांमागं तुमी तो पाइप गल्लीकडं काढला. तुमाला वाटलं, गरिबांना पानी मिळंल. आमालाबी तसंच वाटलं. तवाच आमी नळ मागाया गेलो असतो, तर आज ह्यांच्या सांडलेल्या पान्यावरनं आमाला कुणी इकत घ्याया आलं नसतं."

गिदोननं पाना खिशात घातला.

तिनं त्या अर्जावरची तारीख खोडली नाही. नवीन कागदावर स्वतःच्या अक्षरात नवा अर्ज लिहिला, तेराही घरांचे अंगठे पुन्हा घेतले आणि सोमवारी तो स्वतः नगरपालिकेत नेऊन दिला. जुना अर्ज तिनं जो मागेल त्याला दाखवला. हरिबा पडला. त्या गल्लीतून त्याला किती मतं मिळाली ते कुणी कधी बोललं नाही. नळ यायला मात्र पुढं दोन उन्हाळे गेले.

फौजदाराला सोजराबाईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं होतं. हौसरावांनी त्याच्यासमोर तोंड उघडलं नाही, पण गिदोनला माफही केलं नाही. चौथ्या दिवशी त्यांचं पत्र दौंडला पोचलं.

जूनमध्ये चौकशी झाली. साहेबांच्या टेबलावर ते पत्र होतं. समोर गिदोन धुतलेला सदरा घालून उभा होता. बाजूला कारकून उत्तरं लिहून घेत होता.

"परवानगी नसताना खासगी काम केलं?" साहेबांनी विचारलं.

"केलं, साहेब."

कारकुनानं लिहिलं.

"आणि ते काम निकृष्ट होतं, त्यामुळं एक वृद्ध स्त्री जखमी झाली, असं इथं म्हटलंय."

"न्हाई, साहेब. काम चांगलं हुतं."

कारकुनानं मान वर करून साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "साळवे, पहिला गुन्हा कबूल केलात तर दुसऱ्यावर वाद कशाला घालता? शिक्षा तीच होणार आहे. बदली."

"बदली करा, साहेब," गिदोन म्हणाला. "पर दोन्ही उत्तरं लिहून घ्या. दोन्ही खरी हायत."